गणपतीला आल्यावर बघू

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान अकरा वर्षं शारजात एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. वय ४६, पगार २,२०० दिरहम, राहणं सहा जणांच्या रूममध्ये. खालची उजवी दाढ चार वर्षांपासून दुखते. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. तिच्या गोळ्या गावाहून जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून जातात. दर सुट्टीत दाढ दाखवायचं ठरतं आणि दर सुट्टीत राहून जातं. गेल्या महिन्यात गाल सुजला. रूमजवळच्या दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅप मिळून १,८०० दिरहम सांगितले. ते ऐकून यजमान मेडिकलमधून गोळ्या घेऊन परत आले. चिपळूणच्या डॉक्टरांनी ताईंना त्याच कामाचे ९,००० रुपये सांगितले आहेत. यजमान म्हणतात, 'गणपतीला आल्यावर बघू.' गणपतीला अजून चार महिने आहेत. कंपनीला शुगर कळली तर व्हिसा पुढे करणार नाहीत, अशीही त्यांना भीती आहे. ताई विचारतात: गळ्यातली माळ गहाण ठेवून पैसे पाठवू, की त्यांना आत्ताच बोलावून घेऊ? की शुक्रवारी वाडीतला एक मुलगा निघतो आहे, त्याच्याकडे पेनकिलर आणि अँटिबायोटिक देऊ?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सोडवेना. 'व्हिडिओ कॉलवर जेवताना ते एकाच बाजूने चावतात, आणि मी पाहिलं की फोन दुसरीकडे वळवतात.' तुम्हाला ते दिसलं, यातच पुष्कळ काही आहे. त्याकडे मी नंतर येते, कारण आधी सुजेचं बोलायला हवं.

गोळ्यांनी सूज उतरली म्हणून आता बरं आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. पण हे उत्तर लिहिण्याआधी दोन दंतवैद्यांशी बोलले आणि दोघांनीही एकच सांगितलं: सूज उतरणं आणि दाढ बरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाढेच्या मुळाशी साठलेला पू अँटिबायोटिकने काही दिवस दबतो. दाढ उघडून साफ केल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय तो जात नाही. त्यातून यजमानांना शुगर आहे. शुगर वाढलेली असली की इन्फेक्शन भरून येत नाही, आणि इन्फेक्शन आहे तोवर शुगर आटोक्यात येत नाही. त्यामुळे चार महिने दुखणं अंगावर काढणं हा पर्याय मी तुमच्या यादीतून आत्ताच काढून टाकते.

काही लक्षणं त्यांच्या रूममधल्या सोबत्यांनाही सांगून ठेवा. तोंड पूर्ण उघडेना झालं, गिळायला त्रास होऊ लागला, जबड्याखाली किंवा मानेपर्यंत सूज आली, थंडी वाजून ताप आला, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. अमिरातीत रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे. रूममधल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये तो आजच साठवलेला असू द्या.

आता शुक्रवारची बॅग. त्या मुलाकडे काही देऊ नका. तुमची माया मला कळते. आपल्याकडे गल्फला जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कुळीथ पीठ, सुके बोंबील आणि तीन घरची औषधं असतातच. पण अमिरातीत औषधांचे नियम कडक आहेत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं, कोडीनचं खोकल्याचं औषध, काही झोपेच्या आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्या तिथे नियंत्रित औषधांत मोडतात आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात त्या चिठ्ठीत यातलं काही असू शकतं. विमानतळावर पकडलं जाईल ते ज्याच्या बॅगेत सापडलं त्याला, म्हणजे वाडीतल्या त्या पोराला. त्याची पहिलीच नोकरी असेल तर? शुगरच्या नेहमीच्या गोळ्या यजमानांनी स्वतः, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांपुरत्याच न्याव्यात. तिथे त्या मिळण्याचा सरळ रस्ता पुढे सांगतेच. आणि पेनकिलरबद्दल एवढंच, की शुगरच्या माणसाने दुखलं की घेतली अशी गोळी महिनोन् महिने घेतली तर त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. दाढेपायी किडनीची तपासणी करायची वेळ येऊ नये.

आता पैसे. तुम्ही मनाशी १,८०० दिरहम एकीकडे आणि ९,००० रुपये दुसरीकडे असा तराजू धरला आहे. दिरहमचे २४ रुपये धरले तर १,८०० दिरहम म्हणजे ४३,२०० रुपये. या तराजूत गाव स्वस्त दिसणारच. पण त्यांना आत्ता बोलावलं तर काय होतं ते मांडून बघा. जाण्या-येण्याचं तिकीट तुम्हीच १,१०० दिरहम लिहिलं आहे. पंधरा दिवसांची बिनपगारी रजा म्हणजे आणखी १,१०० दिरहम. दोन्ही मिळून ५२,८०० रुपये, त्यावर चिपळूणचे ९,००० रुपये. बासष्ट हजारांच्या घरात जातं. 'गावाला स्वस्त' हे खरं आहे, पण गावाला येणं ज्या वेळी तसंही होणारच असतं, त्याच वेळी. फक्त दाढेसाठी विमानात बसायचं ठरवलं तर हिशेब उलटा होतो.

दुसरं, ते १,८०० दिरहम हा एका दवाखान्याचा, एका दुपारचा आकडा आहे. त्यात कॅपही धरलेली आहे. आज तातडीची गोष्ट कॅप नाही. दाढ उघडणं, पू काढणं, नळ्या साफ करणं ही तातडी. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न बदला. 'सगळ्याचे किती?' असं विचारू नका. 'आज दुखणं आणि इन्फेक्शन थांबवायला किती, रूट कॅनाल पूर्ण करून वर पक्कं फिलिंग भरायला किती, आणि कॅपचे वेगळे किती?' असं तीन तुकड्यांत विचारायला सांगा. कॅप गणपतीत गावात बसवता येईल का, हेही त्या डॉक्टरांनाच विचारावं. मी बोलले त्या दंतवैद्यांचं म्हणणं असं की, रूट कॅनाल पूर्ण होऊन वर पक्कं फिलिंग असेल आणि त्या बाजूने कडक काही चावलं नाही, तर कॅपसाठी थोडं थांबता येतं. मात्र नुसतं तात्पुरतं औषध भरून दाढ चार महिने तशीच ठेवणं बरं नाही. ते औषध काही आठवड्यांसाठी असतं.

आणि ते काम शारजातच कमी पैशांत कुठे होईल? ही गोष्ट आपल्या माणसांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगते. आपल्याकडे खेडला डेंटल कॉलेज आहे आणि तिथे शिकणारी मुलं वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी दरात काम करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. तशी व्यवस्था तिथेही आहे. शारजा विद्यापीठाचं स्वतःचं डेंटल हॉस्पिटल आहे. शेजारी अजमानमध्ये अजमान विद्यापीठाचं दंतमहाविद्यालय आहे, आणि थुंबे डेंटल हॉस्पिटल तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाशी जोडलेलं आहे. शिकाऊ डॉक्टरांकडून करून घेतलं तर दर उतरतात. फेऱ्या जास्त होतात, खुर्चीवर वेळ जास्त जातो, पण वरचे शिक्षक पायरीपायरीला तपासतात. फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: मागच्या दाढेचं रूट कॅनाल विद्यार्थ्यांकडून होतं का, आणि नंबर कधी लागेल. नंबर महिन्याने लागणार असेल तर तोवर दुखणं थांबवायचं काम जवळच्या दवाखान्यात उरकून घ्यावं.

दाढ वाचत नाही असं डॉक्टर म्हणाले तर ती काढणं हाही रीतसर उपचार आहे, आणि तो रूट कॅनालपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. दाढ वाचवता आली तर उत्तमच, त्याच दाढेवर माणूस भाकरी खातो. पण सडलेली दाढ चार वर्षं तोंडात बाळगण्यापेक्षा ती काढून हिरडी बरी होऊ देणं शहाणपणाचं. गेलेल्या दाढेच्या जागी नवी बसवायची झाली तर गल्फच्या माणसाच्या वार्षिक सुट्टीला इम्प्लांट चांगलं जुळतं. एका सुट्टीत हाडात स्क्रू बसवायचा, तो हाडात धरायला तीन-चार महिने तरी लागतात, आणि पुढच्या सुट्टीत वरचा दात. एकाच महिन्याच्या सुट्टीत सगळं करून देतो असं कुणी म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. शुगर ताब्यात नसेल तर इम्प्लांटचा विचार आत्ता नकोच.

आता विमा. तुमच्या पत्रात हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. अकरा वर्षं तिथे राबणाऱ्या माणसाला स्वतःचा विमा आहे की नाही हे माहीत नसतं, कारण त्याला ते कुणी सांगतच नाही. दुबईत मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढायचा कायदा २०१३ चा आहे. अबूधाबीत तो त्याच्याही आधीपासून आहे. शारजा, अजमान आणि बाकीच्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून व्हिसा काढताना किंवा नव्याने करताना विमा सक्तीचा झाला. तुमच्या यजमानांचा व्हिसा गेल्या वर्षी नव्याने झाला असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे विमा असायलाच हवा. तिथलं सर्वांत साधं पॅकेज वर्षाला ३२० दिरहमचं आहे आणि तो खर्च मालकाने करायचा असतो. त्या पॅकेजात साध्या तपासणीला २५ टक्के रक्कम आपण भरायची, एका वेळी जास्तीत जास्त १०० दिरहम. त्याच आजारासाठी सात दिवसांत पुन्हा दाखवलं तर काही भरायचं नाही. औषधांचे ३० टक्के आपले, वर्षाला १,५०० दिरहमच्या मर्यादेत. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, जुन्या आजाराला थांबायची मुदत नाही. म्हणजे शुगरची तपासणी आणि गोळ्या तिथल्याच यादीतल्या दवाखान्यातून मिळू शकतात. बॅगेतून पाठवायची गरजच नाही. त्यांच्या कंपनीचं पॅकेज वेगळंही असू शकेल. कंपनीत व्हिसाचे कागद बघणारा जो पीआरओ असतो, त्याच्याकडून पॉलिसीचा कागद आणि दवाखान्यांची यादी मागून घ्यायला सांगा. यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलं की पूर्ण पैसे खिशातून जातात, आणि रूमजवळचा दवाखाना यादीत नसेल असं सहज होतं.

दातांबद्दल मात्र खोटी आशा दाखवत नाही. अशा साध्या पॅकेजांत दातांचं नेहमीचं काम बहुधा धरलेलं नसतं. फार तर तातडीचा प्रसंग धरतात, आणि तेही त्या त्या पॉलिसीत पाहावं लागतं. गाल सुजून ताप आला ही तातडी आहे. दाढ किडली ही नाही. पण शुगरचा खर्च विम्यातून भागला की तेवढे पैसे दाढेला सुटतात, असा विचार करा.

यावर ते म्हणतील, 'कंपनीला कळेल.' ही भीती वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. लहान कंपनीत कोणता फोरमन काय बोलेल, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळतं. पण व्हिसाच्या वेळी तिथे जी तपासणी होते ती मुख्यतः एचआयव्ही आणि क्षयरोगासाठी. शुगर आहे म्हणून व्हिसा थांबत नाही. दवाखान्यात दाखवलं तर बिल विमा कंपनीकडे जातं, फोरमनकडे नाही. आणि आजारपणाच्या रजेचा हक्क कायद्यातच आहे: प्रोबेशन संपलेल्या कामगाराला वर्षाला ९० दिवसांपर्यंत, त्यातले पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले बिनपगारी. कामाच्या तीन दिवसांच्या आत कळवायचं आणि डॉक्टरांचा कागद द्यायचा. शिडीवर चढून एसी उतरवणाऱ्या माणसाची शुगर लपवलेली असणं जास्त धोक्याचं, की डॉक्टरांना माहीत असणं? हा प्रश्न तुम्हीच त्यांना विचारा, तुमच्या शब्दांत.

त्यांचं शिक्षण नववीपर्यंत आणि पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारची मंजुरी लागणारा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्यांना भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख, आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर १ लाखापर्यंत, एका वेळी ५० हजार. ती जाताना एजंट काढून देतो, आणि मुदत संपली की कुणी आठवण करत नाही. तुमच्या यजमानांची अकरा वर्षांपूर्वीची पॉलिसी कधीच संपली असेल. ती ऑनलाइन नव्याने करता येते. दाढेला तिचा उपयोग नाही. पण एका जेवणाच्या पैशांत मिळणारी ही गोष्ट शिडीवर काम करणाऱ्या माणसाजवळ नसावी, हे मला पाहवत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. सौदीत कामगाराच्या सक्तीच्या विम्यात दातांसाठी मर्यादित का होईना, रक्कम असते. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आहे पण दात कधी दाखवले नाहीत, अशांनी आपली पॉलिसी उघडून बघावी. कतारमध्ये वर्षाला १०० रियाल भरून हेल्थ कार्ड काढलं की सरकारी आरोग्य केंद्रांचे दर हलके होतात. आणि दापोली-रत्नागिरीकडची जी मुलं जहाजावर आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे नीट वाचावं. २००६ च्या सागरी कामगार करारात जहाजावरच्या माणसाला वैद्यकीय उपचार मिळण्याचा हक्क आहे आणि त्यात आवश्यक दंतोपचारही स्पष्ट लिहिलेले आहेत. भारताने २०१५ साली तो करार मान्य केला. बंदराला लागल्यावर दात दाखवायला नेणं ही कप्तानाची मेहेरबानी नाही. ज्याच्याजवळ विमा नाही, पैसे नाहीत आणि जो खरोखर अडचणीत सापडला आहे, त्याने वकिलातीकडे जावं. २००९ पासून वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि त्यातून गरजूंच्या तातडीच्या उपचारांना मदत होऊ शकते. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८०० ४६३४२ आहे.

गणपतीच्या सुट्टीकडे येते. आपल्या चाकरमान्याची सुट्टी कशी जाते ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. चतुर्थीच्या आदल्या रात्री तो दारात उतरतो. गौरी जाईपर्यंत पाच-सहा दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. मग पडवीचे पत्रे, बँक, तलाठी, बहिणीकडे जेवण, कुणाची तरी वास्तुशांत. डॉक्टरची आठवण होते तेव्हा तिकिटाला चार दिवस उरलेले असतात. चार दिवसांत दाढ काढता येते, दुरुस्त करता येत नाही. शिवाय सणाचे दिवस दवाखानेही बंद असतात, आणि उघडतात तेव्हा सगळे चाकरमानी तिथेच बसलेले असतात. तुमच्या घरात हे चार वर्षं झालं ते त्यांच्या आळसामुळे नव्हे. सुट्टीच्या मांडणीत दाढेला कधी जागाच दिलेली नव्हती.

यंदा आधी डॉक्टरांची तारीख घ्या आणि मग तिकीट काढा. चतुर्थीच्या निदान दहा दिवस आधी ते पोचतील असं बघा. शारजात काढलेला एक्स-रे आणि झालेल्या कामाचा कागद चिपळूणच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर आधीच पाठवा, म्हणजे किती फेऱ्या लागतील ते ते सांगू शकतील. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखाना, नातेवाईक नंतर. कॅपचं माप लॅबला गेलं की साधारण आठवडा जातो. तो आठवडा गणपतीत जाऊ द्या. विसर्जनानंतर कॅप बसेल, आणि चावताना खुपली तर ठाकठीक करायला दिवस उरतील. दाढ काढायची झाली तर ती परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर तरी आधी. शुगरच्या माणसाची जखम सावकाश भरते.

चिपळूणचे नऊ हजारही जड वाटत असतील तर खेडच्या कॉलेजात विचारा. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्येही दंतविभाग आहे. कुडाळ-सावंतवाडीकडच्या वाचकांना बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ पडेल. विमान मुंबईला उतरतं आणि मुंबईत राहायला घर आहे अशांना मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज आहे. त्याच सुट्टीत एका सकाळी रक्त देऊन एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) या तपासण्या करून घ्या. डोळ्यांचा पडदा आणि पायांचे तळवेही दाखवा. दोन वर्षांच्या शुगरला एवढं पाहायलाच हवं. आणि प्रत्येक कागदाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये राहू द्या, म्हणजे शारजातल्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणखी एक विषय काढते, तुम्ही विचारला नसलात तरी. ते आज ना उद्या कायमचे परत येतील. त्या दिवशी कंपनीचा विमा संपेल आणि घरात पन्नाशीचा, शुगरचा माणूस असेल. इथला आरोग्य विमा तेव्हा काढायला गेलात तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तोच आत्ता, शुगर आहे हे स्पष्ट लिहून काढला, तर ती तीन वर्षं ते शारजात असतानाच सरतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. एजंट म्हणेल, 'शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.' त्याचं ऐकू नका. लपवलेली शुगर क्लेमच्या दिवशी उघडी पडते.

आता तुमची माळ. ती आत्ता गहाण ठेवू नका. दाढेला पैसे घालू नयेत म्हणून मी हे म्हणत नाही. अजून खरा आकडाच तुमच्या हातात आलेला नाही, म्हणून म्हणते. विमा पाहून झाला, विद्यापीठाच्या हॉस्पिटलात विचारून झालं, कॅप वेगळी काढली, की कदाचित ती रक्कम दोन पगारांतून सुटेल. एखाद्या महिन्याला घरी येणारे पैसे पाचशे दिरहमने कमी आले तर चालेल, असं तुम्ही त्यांना आपणहून सांगा. ते स्वतः ते कधीच म्हणणार नाहीत. एवढं करूनही अडलं तर माळ आहेच, आणि तेव्हा ती खुशाल ठेवा. दागिना अशा वेळेसाठीच असतो.

माझे वडील कुवेतला होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, आणि जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी जे लाखाहून जास्त भारतीय परत आले त्यात तेही होते. एक पिशवी घेऊन घरी आले. आईने पानात तांदळाची भाकरी वाढली, तर ती त्यांनी आमटीत बुडवून ठेवली आणि बोटांनी कुस्करू लागले. मागच्या सहा दाढा गेलेल्या होत्या. वय होतं ४४. घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण पत्रात ते 'प्रकृती ठीक' एवढंच लिहायचे. आईने त्या दिवशी ताट तसंच ठेवून मागच्या पडवीत जाऊन डोळे पुसले. ती नंतर एकदाच म्हणाली, 'मला विचारायला सुचलंच नाही.'

तुम्हाला दिसलं आहे. फोन दुसरीकडे वळवतात तेही दिसलं आहे. पैसे पाठवणाऱ्या माणसाला घरच्यांपुढे आजारी पडणं कठीण जातं. आपल्यावर खर्च झाला तर पोरांच्या फीतून गेला, असं त्याला वाटतं. म्हणून आज रात्री फोन कराल तेव्हा पैशांपासून सुरुवात करू नका आणि रागावूही नका. तुम्ही पाहिलं आहे, एवढं सांगा. मग पीआरओकडून पॉलिसीचा कागद मागवा आणि येत्या सुट्टीच्या दिवशी कोणत्या दवाखान्यात जाणार ते नाव त्यांच्याकडून घ्या. तुम्ही चिपळूणची तारीख घेऊन ठेवा. शुक्रवारी तो मुलगा निघेल तेव्हा त्याच्याकडे कुळीथ पीठ द्या. पिठलं मऊ असतं, दाढ बरी होईपर्यंत त्यांना चालेल.